रामपूर आणि रामपुरी

मराठीत काही शहरांची नावं वस्तूंना चिकटली आहेत. पैठणी म्हटलं की साडी, कोल्हापुरी म्हटलं की चप्पल. या दोन्ही नावांनी त्या गावांची शान वाढवली. तिसरं नाव मात्र वेगळ्या वाटेनं आपल्या भाषेत आलं. 'रामपुरी' हा शब्द आपल्याला बाजारातून मिळाला नाही, तो वर्तमानपत्राच्या गुन्हेवृत्तातून आणि हिंदी सिनेमातून मिळाला. 'आरोपीनं खिशातून रामपुरी काढला' या वाक्यात चाकू हा शब्दही लिहावा लागत नाही. मराठी वाचणाऱ्या कित्येक लोकांना रामपूर नेमकं कुठे आहे हे सांगता येणार नाही, पण रामपुरी म्हणजे काय, हे ते झोपेतही सांगतील.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. वर्गात रामपूरचं नाव निघतं ते गालिबच्या निमित्तानं. रामपूरचे नवाब युसुफ अली खान हे गालिबचे शागिर्द होते. १८५७ नंतर दिल्लीची मैफल उठली आणि गालिबचं पेन्शन बंद झालं, तेव्हा रामपूरहून येणाऱ्या दरमहा शंभर रुपयांवर त्यांचं घर चाललं. हे सगळं सांगून मी मुलांना विचारतो की रामपूरबद्दल आणखी काय माहीत आहे. मागच्या बाकावरून हमखास उत्तर येतं, आणि सगळा वर्ग हसतो. मुलांचा दोष नाही. पण या हसण्यामागे जो इतिहास आहे, तो एकदा नीट मांडावा असं बरेच दिवस मनात होतं.

रामपूर हे उत्तर प्रदेशातल्या रोहिलखंडातलं शहर. रोहिले म्हणजे अफगाणिस्तानच्या बाजूनं आलेले पठाण. मराठी माणसाला रोहिला आठवतो तो पानिपतामुळे, नजीबखानामुळे. पण नजीबखान म्हणजे सगळे रोहिले नव्हेत. १७७४ मध्ये अवधचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या फौजांनी रोहिल्यांचा पराभव केला, त्यांचा सरदार हाफिज रहमत खान लढाईत मारला गेला, आणि त्या मोडलेल्या मुलखातून एक लहानसं संस्थान उरलं. ते रामपूर. पहिला नवाब फैजुल्ला खान. हरलेल्या लढवय्यांचं हे संस्थान पुढे पावणेदोनशे वर्षं टिकलं आणि त्या काळात त्यानं तलवारीपेक्षा पुस्तकं जास्त जमवली. रजा लायब्ररीतल्या अरबी, फारसी, संस्कृत, उर्दू हस्तलिखितांची संख्या हजारांत जाते. याच ग्रंथालयात बसून इम्तियाज अली अर्शी यांनी गालिबच्या दीवानाची ती प्रत सिद्ध केली, जिच्याशिवाय आजही गालिबचा अभ्यास पुढे सरकत नाही.

आणि मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे हिंदुस्थानी रागसंगीताचा पसारा कागदावर उतरवत हिंडत होते, तेव्हा त्यांना ज्या दरवाजांवर जावं लागलं, त्यांत रामपूरचा दरवाजा फार महत्त्वाचा. नवाब हमीद अली खान आणि त्यांच्या दरबारातले बीनकार वजीर खाँ यांच्याकडचा ठेवा भातखंड्यांच्या कामात आला. आज महाराष्ट्रातल्या संगीत विद्यालयांत मुलं ज्या क्रमिक पुस्तकांवरून शिकतात, त्यांत रामपूरचा अंश आहे. मौलाना मोहम्मद अली जौहर आणि शौकत अली हे अली बंधू रामपूरचेच. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत मौलाना आझाद निवडून गेले तेही रामपूरमधून.

एवढं सगळं असताना नाव राहिलं चाकूचं.

आता या चाकूकडे येऊ. रामपुरी हा मिटणारा चाकू. पातं मुठीच्या खोबणीत घडी होऊन बसतं. मूठ पितळेची, शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची, आणि चांगल्या कारागिराच्या हातची असेल तर तिच्यावर नक्षी. जुन्या नामांकित रामपुरीचं पातं नऊ ते बारा इंच लांब असायचं. म्हणजे उघडल्यावर अख्खा चाकू जवळजवळ हातभर. पातं एकदा उघडलं की मागे मिटू नये यासाठी मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टीची कमान असते. पातं पूर्ण उघडलं की त्या पट्टीचा दात पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसतो. मिटायचं असेल तर खटका दाबून तो दात उचलावा लागतो. काही चाकूंमध्ये पात्याच्या बुडाला एकाऐवजी अनेक दाते असतात. त्याला गरारीदार म्हणतात. तो उघडताना कट कट कट असा आवाज येतो, आणि त्याची अर्धी कीर्ती त्या आवाजातच आहे.

या चाकूची मजबुती तीन जागी ठरते. पहिली जागा पात्याची. लोखंड तापवून, ठोकून, मग त्याला पाणी देतात. पाणी जास्त चढलं तर पातं काचेसारखं ठिसूळ होतं आणि तुटतं, कमी पडलं तर धार दोन दिवसांत मरते. दुसरी जागा पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याची. तो सैल झाला की पातं डुलायला लागतं, आणि डुलणारा चाकू समोरच्यापेक्षा धरणाऱ्यालाच जास्त कापतो. तिसरी जागा कमानीची. ती थकली की दात खाचेत घट्ट बसत नाही आणि जोर लावताना पातं बोटांवर मिटतं. बाकी नक्षी, पितळ, चकाकी हे सगळं वरवरचं. जुना साधा पोलादी चाकू गंजतो खरा, पण कोरडा पुसला आणि तेलाचा हात फिरवला तर त्याची धार स्वस्तातल्या चकचकीत स्टेनलेसपेक्षा जास्त काळ राहते, आणि बोथट झाली तरी साध्या दगडावर घासून परत येते. हातानं घडवलेला रामपुरी लोक वर्षानुवर्षं जपून ठेवत ते याचमुळे.

तलवारी आणि जंबिये घडवणारे हात हळूहळू या मिटत्या चाकूकडे वळले, असं रामपुरात सांगतात. त्यात तथ्य वाटतं, कारण तलवारीचे दिवस सगळीकडेच संपत आले होते. १८७८ मध्ये लिटन व्हाइसरॉय असताना इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना आणि युरोपियनांना मात्र सूट, असा तो कायदा. रामपूर संस्थान होतं, इंग्रजी मुलखाचा भाग नव्हतं, पण माल विकायचा तर इंग्रजी मुलखातच. कमरेला लटकणारी तलवार लांबून दिसते, खिशातला घडीचा चाकू दिसत नाही. जगात जिथे जिथे राज्यकर्त्यांनी उघड्या हत्याराला बंदी केली, तिथे तिथे घडीचं हत्यार वाढलं.

याचं उत्तम उदाहरण स्पेनमध्ये आहे. ते इथे मुद्दाम सांगतो, कारण त्या शहराची कहाणी रामपूरशी फार जुळते. शहराचं नाव अल्बासेते. हे नाव मूळ अरबी, 'अल-बसीत', म्हणजे सपाट मैदान. मुस्लिम स्पेनची ही एक खूण. तिथला मिटणारा चाकू म्हणजे नवाखा. अठराव्या शतकात स्पेनच्या बूर्बाँ राजांनी सामान्य माणसाला हत्यारं बाळगायला मनाई केली, आणि नवाखा घराघरांत पोचला. लांब पातं, पाठीवर पोलादी पट्टी, आणि उघडताना दात्यांचा कट कट आवाज. त्या दात्यांच्या रचनेला स्पॅनिश लोक 'कर्राका' म्हणतात. आपला गरारीदार आणि त्यांचा कर्राकावाला शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत.

बदनामीही तशीच. एकोणिसाव्या शतकात स्पेन बघायला आलेल्या इंग्रज-फ्रेंच प्रवाशांनी नवाखा म्हणजे स्पॅनिश माणसाचा तापट स्वभाव, असं समीकरण लिहून ठेवलं. मेरिमेची 'कार्मेन' ही कथा १८४५ ची, तिच्यावरचा बिझेचा ऑपेरा १८७५ चा. दोन्हींत शेवटी चाकूच चालतो. १८४९ मध्ये तर माद्रिदमध्ये नवाख्यानं कसं लढावं याचं पुस्तकच छापलं गेलं. म्हणजे दरोडेखोर, जुगारी, मत्सरी प्रियकर, हे सगळे नवाख्याचे मालक ठरले. भाकरी आणि चीज कापणारा शेतकरी कुणाच्या गोष्टीत आला नाही.

आज अल्बासेतेत कॅथेड्रलच्या शेजारी एका सुंदर हिरव्या इमारतीत चाकूंचं महापालिकेचं संग्रहालय आहे. ते २००४ मध्ये सुरू झालं. शहरात चाकू विकणाऱ्या फेरीवाल्याचा पुतळा आहे. हे फेरीवाले पूर्वी कमरेच्या पट्ट्याला चाकू खोचून रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना विकायचे. तरुणांना हे काम शिकवण्याची सोय आहे. ज्या नवाख्यानं कार्मेनचा खून केला, तो आता आजोबा नातवाला भेट देतात.

रामपूरच्या चाकूला असे दिवस आले नाहीत. का आले नाहीत, याची कारणं मला तीन दिसतात, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण आश्रयाचं. कारागिराला टिकायला कायमचा गिऱ्हाईक लागतो. स्वित्झर्लंडचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं आहे, तेच घेऊ. कार्ल एल्सनर यानं १८८४ मध्ये इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला. तेव्हा स्विस सैन्याला शिपायांसाठी खिशातला चाकू हवा होता, पण तो पुरवण्याची ताकद देशातल्या कारागिरांत नव्हती आणि पहिला माल जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावा लागला. एल्सनरनं देशातल्या कारागिरांची संघटना बांधली आणि १८९१ मध्ये आपला माल सैन्याला दिला. त्या चाकूत पातं होतं, डबा उघडायची आकडी होती, चामड्याला भोक पाडायचा टोच्या होता आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर होता. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू निघाला आणि तोच पुढे लाल मुठीचा जगप्रसिद्ध स्विस चाकू झाला. यातली गंमत बघा. जो चाकू खरोखर सैन्यासाठी बनला, तो आज आपण दहावी पास झालेल्या भाच्याला भेट देतो. जो कुठल्याही फौजेच्या यादीत नव्हता, तो हत्यार ठरला. रामपूरच्या कारागिराचा आश्रयदाता नवाब होता. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो आधार गेला. नव्या सरकारला या हुन्नरात उद्योग दिसला नाही.

दुसरं कारण कायद्याचं. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या १९६२ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्रांच्या यादीत आलं. घरकामासाठी, शेतीसाठी, उद्योगासाठी असलेल्या चाकूंना त्यातून वगळलं आहे. ही मोजपट्टी समजण्यासारखी आहे. पण १९८० मध्ये दिल्लीत अधिसूचना निघाली तिची मोजपट्टी वेगळी होती. बटनदार, गरारीदार किंवा यांत्रिक रचनेनं उघड-मीट होणारा, ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद पात्याचा चाकूही तिथे परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही. म्हणजे नऊ इंचांची सुरी भाजीसाठी चालते आणि तीन इंचांचा गरारीदार चालत नाही. इथे कायदा लांबी मोजत नाही, नाव मोजतो. पुढे १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारनं साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याचे रामपुरी बनवायला बंदी घातली आणि जुना मोठा रामपुरी संपलाच. एकेकाळी दुकानांनी गजबजलेल्या रामपूरच्या चाकू बाजारात आता बोटांवर मोजण्याइतकी दुकानं उरली आहेत.

तिसरं कारण सिनेमाचं, आणि ते आपल्या मुंबईत घडलं. १९६५ चा 'वक्त' आठवा. मदन पुरी चाकू काढून धमकावतो आणि राजकुमार शांतपणे, ही काही मुलांच्या खेळण्याची वस्तू नाही अशा अर्थाचं ते जगप्रसिद्ध वाक्य बोलतो. ते वाक्य लिहिणारे अख्तर-उल-ईमान हे उर्दूतले फार मोठे कवी, आणि जन्मानं रोहिलखंडाच्याच बाजूचे, बिजनौर जिल्ह्यातल्या नजीबाबादचे. रामपुरीला पडद्यावर अमर करणारी लेखणी त्याच मातीतली होती, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्यानंतर कित्येक वर्षं खलनायकाच्या हातात चाकू आला की तो रामपुरीच. अंधार, पावलांचा आवाज, मग कट कट कट. हळूहळू चाकूबरोबर गळ्यातला ताईत, सुरमा आणि जाळीची बनियनही आली, आणि त्या माणसाचं नाव काय असणार हे प्रेक्षकाला आधीच कळायला लागलं. 'जंजीर'मध्ये मात्र थोडी वेगळी झुळूक आहे. त्यात जया भादुरी रस्त्यावर चाकू-सुऱ्यांना धार लावणारी मुलगी आहे. चाकूच्या मागे राबणारा माणूस असतो, हे हिंदी सिनेमानं दाखवलेले प्रसंग फार थोडे, त्यातला हा एक.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही बोलायला हवी. सगळा दोष सिनेमा आणि सरकारवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. बारा इंचांचं पातं सफरचंद कापायला लागत नाही. कट कट आवाज कांदा चिरायला लागत नाही. मोठा रामपुरी हा रुबाबासाठी बनत होता, रुबाबासाठी विकत घेतला जात होता, आणि रुबाबाची वस्तू रागाच्या क्षणी काय करते हे ज्यांच्या घरातून जनाजा उठला त्यांना विचारावं. स्विस चाकूत स्क्रूड्रायव्हर आला, अमेरिकेत टिम लेदरमन यानं १९८३ मध्ये घडीची पक्कड आणि चाकू एकत्र करून विकायला काढले. आमच्या कारागिरांनी नक्षी वाढवली, खटके वाढवले, पण काम वाढवलं नाही. त्यांना तसं सुचवणारं, भांडवल देणारंही कुणी नव्हतं, हे खरं. तरीही ही उणीव उणीवच.

पण माझं म्हणणं एवढंच आहे की एका वस्तूचा गुन्हा एका शहराच्या, एका समाजाच्या नावावर किती काळ लिहायचा? गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रुळला आहे. कोयता म्हणजे आपल्याकडे काय? कोकणात शेतकऱ्याच्या कमरेला मागच्या बाजूला आकडीत अडकवलेला असतो तो. मराठवाड्यात तर ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. त्या कोयत्यानं पोरांनी गल्लीत दहशत माजवली म्हणून ऊसतोड मजुरांकडे कुणी संशयानं बघत नाही, आणि बघूही नये. ही समज आपल्या समाजाकडे आहे. ती कोयत्याच्या वाट्याला आली तशी रामपुरीच्या वाट्याला आली नाही.

आपल्या घरातल्या तरुण मुलांनाही एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या दीनमध्ये धारेचा अदब आहे. कुर्बानीच्या जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरीला आधी नीट धार लावा, ही ताकीद हदीसमध्ये आहे. तिथे धार ही रहम आहे. ईदच्या आधी साणवाल्याकडे रांग लागते ती यासाठी. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाताना त्यांची टोकं हातानं धरा, कुणाला लागू देऊ नका, असंही सांगितलं आहे. नंगी तलवार एकमेकांच्या हातात देण्याची मनाई आहे. ज्यांना खिशातला चाकू मिरवून स्टेटस ठेवायचं असतं, त्यांनी यातलं काय पाळलं? शिवाय आपल्याकडे सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात चाकू, काठी, सगळंच येतं. आपल्या मुलाच्या खिशात सापडलेला चाकू आणि दुसऱ्याच्या खिशात सापडलेला चाकू यांची बातमी सारखी लिहिली जाईल, या भरवशावर कुणी राहू नये.

मार्च २०२३ मध्ये रामपूरमध्ये एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारला गेला. त्या जागेला चाकू चौक म्हणतात. लोक तिथे थांबून सेल्फी काढतात. ज्या नावानं शहर ओशाळत होतं, ते नाव सरकारनंच भर रस्त्यात उभं केलं, याचं काहींना हसू आलं, काहींना बरं वाटलं. मला बरं वाटलं. फक्त त्या वीस फुटांच्या चाकूच्या बरोबरीनं अल्बासेतेसारखं एक छोटं संग्रहालय झालं, जुन्या उस्तादांची नावं भिंतीवर लागली, आणि साडेचार इंचांच्या आतला, घरात वापरता येईल असा चाकू बनवायला पोरांना शिकवलं, तर त्या पुतळ्याला काही अर्थ येईल.

रजा लायब्ररी बघायला कुणी रामपूरला गेलात आणि चाकू बाजारात वळलात, तर लहानच घ्या. दिल्लीमार्गे परतणार असाल तर तिथला तीन इंचांचा नियम आठवा आणि साधा, बिनखटक्याचा घ्या. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, डुललं तर ठेवून द्या. कारागीर दुकानात असेल तर त्याचं नाव विचारा. घरी आणल्यावर लिंबू, आंबा कापल्यावर लगेच पुसा आणि खिळ्याच्या जागी महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा.